दोनशे बारा ग्लास

२०१९ च्या मार्चमध्ये अकरा दिवस मी एका रसवंतीसमोरच्या पायरीवर बसून लोकांनी प्यायलेले ग्लास मोजले. पायरी एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाची होती. सकाळी अकराला जायचं आणि रात्री आठला उठायचं. सोबत दोनशे पानी वही, पाण्याची बाटली आणि दुपारचा डबा. वहीत पट्टीने आखलेले दोनच रकाने होते, वेळ आणि ग्लास. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, शाळेत ताळ्याच्या खुणा करायचो तशा.

पहिल्या दिवशी, मंगळवारी, दोनशे बारा ग्लास झाले.

हे असं का करत होतो ते सांगतो. त्या जानेवारीत चाकणच्या आमच्या कंपनीने एक लाइन बंद केली आणि त्या लाइनबरोबर आम्हा चौदा जणांना हिशेब चुकता करून मोकळं केलं. मी प्लॅनिंगमध्ये होतो. एकोणीस वर्षं नोकरी, वय शेहेचाळीस. शेवटचा पगार हातात अडतीस हजार. माणूस असा रिकामा झाला की नातेवाइकांना धंदे सुचायला लागतात. कुणी म्हणालं, चहाची फ्रँचायझी घे. कुणी पाण्याच्या जारचा प्लँट टाकायला सांगितला. मेहुण्याने तर मुद्रा योजनेचा फॉर्मच आणून दिला आणि म्हणाला, शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत मिळतात, तारणबिरण काही नाही, तू फक्त धंदा ठरव. मला रसवंती सुचली. ते ऐकून त्याने लगेच एक बातमी फॉरवर्ड केली, की पाकिस्तान सरकारने नुकतंच ट्विटरवर लोकांचं मत घेऊन उसाच्या रसाला राष्ट्रीय पेय ठरवलंय. या बातमीचा वारज्याच्या रस्त्यावर मला काय उपयोग होणार, हे त्याने सांगितलं नाही.

रसवंतीच का, याची कारणं मी बायकोला अगदी मुद्देसूद दिली होती. कच्चा माल एकच. उधारी नाही. माल संध्याकाळपर्यंत रोख होऊन खिशात. शिकायला फार काही नाही. खरं कारण यांत नव्हतंच. लहानपणी आजोळच्या जत्रेत बैलावर चालणारा लाकडी चरक पाहिला होता. बैल गोल फिरायचा, त्याच्या गळ्यातले घुंगरू वाजायचे आणि आजोबा पितळी पेल्यात रस घेऊन द्यायचे. पुढे बैल गेला, मोटर आली, तरी रसवंतीवाल्यांनी घुंगरू काही सोडले नाहीत, ते चाकाला बांधले. रस्त्यावरून जाताना तो आवाज आला की मी आजही वळून बघतो. धंदा निवडायला हे कारण वाईटच, पण तेव्हा ते कारण आहे हेच मला कळलं नव्हतं.

तर दोनशे बारा. त्या रात्री मी कॉम्प्युटरवर तक्ता मांडला. फुल ग्लास पंधरा रुपये, म्हणजे गल्ला ३,१८०. एका ग्लासाला अर्धा किलो ऊस धरला, तो टेम्पोने जागेवर पोचता सात रुपये किलो, म्हणजे ७४२. बर्फ, लिंबू, आलं, मीठ ३२०. मी एका चौकातला गाळा हेरून ठेवला होता, त्याचं भाडं महिना बारा हजार, म्हणजे दिवसाला ४००. हाताखाली एक पोरगा ४५०. लाइट ७०. एकूण खर्च १,९८२. दिवसाला उरले १,१९८, महिन्याला पस्तीस हजार नऊशे चाळीस. पगाराच्या इतकं जवळ आलेलं बघून मी ती ओळ पिवळी केली आणि ठळकही केली. बायकोने चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "नोव्हेंबरात काय विकणार?"

मी म्हणालो, ते बघू. ती म्हणाली, बघ. आणि झोपायला गेली.

कागदपत्रांचं काम सोपं निघालं. अन्न सुरक्षेची नोंदणी बारा लाखांखालच्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपयांत होत होती. दहापेक्षा कमी माणसं असली की शॉप अ‍ॅक्टचंही नुसतं कळवणं पुरत होतं. माझी समजूत अशी होती की सरकारदरबारी चपला झिजतील आणि धंदा आपोआप चालेल. झालं उलटंच, पण त्याबद्दल पुढे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर. आता मी तासागणिक आकडे घ्यायला लागलो, कारण प्लॅनिंगवाल्याला सरासरीवर झोप येत नाही. मंगळवारचेच ताळे तासांत मोडून पाहिले. अकरा ते बारा नऊ, मग चौदा, बावीस, एकोणीस, एकवीस. चार ते पाच एकदम अडतीस. पाच ते सहा सत्तेचाळीस. सहा ते सात तेहेतीस. सात ते आठ पुन्हा नऊ. माझ्या तक्त्यात तासाला साडेतेवीस ग्लास होते. प्रत्यक्षात साडेतेवीसचा तास दिवसभरात कुठेच नव्हता. एक तर पोरगा भिंतीला टेकून मोबाइल बघत असायचा, नाही तर चरकाच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटलेली असायची.

चारलाच आकडा का उडी मारतो, हे कळायला मला तीन दिवस लागले. शाळा सुटते म्हणून असेल, ऑफिसं सुटतात म्हणून असेल, असं धरून चाललो होतो. पण शाळा साडेबाराला सुटायची आणि ऑफिसवाले सहाच्या आत दिसायचेच नाहीत. तिसऱ्या दिवशी डबा खाऊन बसलो असताना लक्षात आलं की मी दुपारभर सावलीत असतो आणि समोरची बाकडी उन्हात. माझ्या पाठीमागच्या चार मजली इमारतीची सावली रस्त्यावरून हळूहळू पलीकडे सरकत होती. साडेतीनला ती दुभाजकावर होती. पावणेचारला रसवंतीच्या पहिल्या बाकड्याच्या पायापाशी पोचली. चारला दोन्ही बाकडी सावलीत आली, आणि स्कूटरवरून जाणारी एक बाई थांबली, मुलाला उतरवलं, म्हणाली, "दे रे दोन."

त्याच संध्याकाळी मी माझ्या हेरलेल्या गाळ्यापाशी जाऊन उभा राहिलो. तोही पश्चिमेकडे तोंड करून. समोर मोकळं मैदान. साडेसहापर्यंत ऊन थेट गल्ल्यावर. शिवाय उड्डाणपुलावरून उतरलेली वाहनं तिथून सुसाट जात होती, आणि दुचाकी लावायला जागा म्हणाल तर गटाराच्या झाकणावर. गर्दी मामांच्या चौकापेक्षा तिप्पट असेल. त्यातलं एकही माणूस थांबलेलं मी तासाभरात पाहिलं नाही.

मामा म्हणजे रसवंतीचे मालक. पुरंदर तालुक्यातले, पांढरी टोपी, अंगात बंडी, कपाळावर बुक्का. दुकानाला नाव कानिफनाथांचं. पुण्यात रसवंत्यांना हे नाव इतकं दिसतं त्याचं कारणही पुरंदरच. बोपगावला कानिफनाथांचा गड आहे आणि तिकडच्या गावांतली बरीच माणसं पिढ्यान्पिढ्या याच धंद्यात आहेत. चौथ्या दिवशी मामांनी पोऱ्याबरोबर माझ्यासाठी एक फुल ग्लास पाठवला आणि मागोमाग स्वतः आले.

"आवो साहेब, पावती फाडायची तर फाडा. न्हाईतर रस प्या. पर आसं रोज समूर बसून नका ऱ्हाऊ. गिऱ्हाईक बिचकतंय."

त्यांना मी महापालिकेचा वाटलो होतो. मी वही उघडून दाखवली आणि खरं ते सांगितलं, की रसवंती टाकायचा विचार आहे, म्हणून मोजतोय. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. मामा वहीकडे बराच वेळ बघत राहिले. मग पाच ते सहाच्या ताळ्यांवर बोट ठेवून म्हणाले, "ह्ये सत्तेचाळीस हैत ना, ह्ये गिऱ्हाईक न्हवं. ह्यो माजा हात हाय."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. एकोणीस वर्षं मी कारखान्यात हेच शिकवत आलो होतो, आणि रस्त्यावर मलाच दिसलं नव्हतं. चरक एक, पिळणारा एक. त्या तासात त्यांच्या हातून त्याहून जास्त ग्लास निघणंच शक्य नव्हतं. मी मोजत होतो ती यंत्राची कमाल, गिऱ्हाइकांची गरज नव्हे. दुसऱ्या दिवशी वहीत तिसरा रकाना आला, 'परत'. थांबले, वाट पाहिली, न पिता गेले, असे. पाच ते सहामध्ये सतरा. आणि मामांनीच सांगितलं म्हणून ग्लासाचा रकाना फोडून फुल आणि हाफ वेगळे केले. तिथे खरी हवा गेली. दोनशे दहा-बारामधले जेमतेम नव्वद फुल निघायचे, बाकी सगळे दहा रुपयांचे हाफ. आजी आणि नातू, कॉलेजची तीन पोरं, भाजी घेऊन चाललेल्या बायका, सगळे हाफच.

अकरावा दिवस झाल्यावर मी मामांना म्हणालो, आठ दिवस हाताखाली घ्या, पैसे नकोत. ते हसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बोलावलं.

सातला, हे ऐकूनच मला धक्का बसला. माझा तक्ता अकराला सुरू होत होता. सात ते अकरा या वेळात ऊस उतरवायचा, मोळ्या सोडायच्या, वाढे आणि मुळाकडचा भाग तोडायचा, कांडी कोयत्याने साफ तासायची, धुवायची, ओल्या गोणपाटाखाली उभी करून ठेवायची. मध्येच एखादं कांडं आतून लालसर निघतं, ते बाजूला. दोन दिवस पडून राहिलेला ऊस वजनाला बरा वाटतो, पण चरकात घातला की नुसता करकरतो. ऊस अर्धा किलो हे माझं गणित ताज्या उसाचं होतं. शंभर किलो आणला तर पंधरा किलो कुठे जातो ते कुणालाच दिसत नाही.

पिळण्याचं काम लांबून सोपं वाटतं. ऊस एकदा रुळांतून काढायचा, मग दुमडायचा, दुमडीत लिंबाची फोड आणि आल्याचा तुकडा ठेवायचा आणि पुन्हा घालायचा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, चिपाड कोरडं होईपर्यंत. दुमडलेला ऊस आत जाताना हात कुठे सोडायचा, एवढंच शिकायचं असतं. मामांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याला नख नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत माझे तळवे चिकटून काळे पडले होते आणि मनगटातून कळ येत होती. शिवाय मधमाश्या. चिपाडाच्या ढिगावर त्या दिवसभर असायच्या आणि मला एकट्यालाच ओळखून चावायच्या. चिपाड रात्री एक गोठेवाला घेऊन जायचा, फुकट. तो एक दिवस आला नाही तर सकाळी आंबूस वासाने दुकानात उभं राहवत नसे. या गोठेवाल्याला माझ्या तक्त्यात ओळच नव्हती. तो माझ्या चौकात कुठून आणणार होतो?

बर्फाचंही तेच. आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, अन्न आणि औषध प्रशासनाने न खाण्याचा बर्फ निळसर करायला लावला होता, म्हणजे पांढरी लादी तेवढी खायची. पांढरी महाग. मामा पांढरीच घ्यायचे आणि लादी मुद्दाम गिऱ्हाइकाला दिसेल अशी पुढे ठेवायचे. कावीळ झाली असं एका माणसाने चौकात म्हटलं की आठवडा गेला, हे त्यांचं गणित.

माझ्या डोक्यात अजून एक हुशारी होती. दुपारी गिऱ्हाईक येत नाही ना, मग आपण रस बाटलीत भरून ऑफिसांत पोचवू. एका रविवारी मी मामांकडून दोन लिटर रस घरी नेला आणि ओट्यावर चार बाटल्या मांडल्या. एक नुसती बाहेर, एक फ्रिजमध्ये, एक लिंबू पिळून बाहेर, एक लिंबू पिळून फ्रिजमध्ये. दर अर्ध्या तासाने फोटो. नुसती बाहेरची पाऊण तासात शेवाळी झाली, दीड तासात गटाराच्या पाण्यासारखी. ऊस चिरडला की त्यातली विकरं हवेशी संगनमत करून रंग काळवंडवतात, सफरचंदाची फोड काळी पडते तसंच. लिंबाने ते लांबतं, थांबत नाही. लिंबाची फ्रिजमधली बाटली चार तासांनंतरही दिसायला ठीक होती. ती मी मुलीला दिली. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "बाबा, चांगलाय. पण हा रस नाहीये." ऊस आधी वाफवून घेतला तर रंग टिकतो असं वाचलं होतं, पण बायको म्हणाली की कुकरमध्ये ऊस घातलास तर घराबाहेर काढीन. बाटलीचा विषय तिथे संपला.

उन्हाबद्दलही माझी कल्पना चुकीची निघाली. जितकं ऊन तितका रस, असं आपण म्हणतो. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला तेव्हा बारा ते तीनमध्ये रस्त्यावर कुत्रं नव्हतं. गिऱ्हाईक वाढलं ते संध्याकाळी, म्हणजे जिथे हात आधीच कमी पडत होता तिथेच.

शेवटच्या रात्री दुकान धुऊन झाल्यावर मामांना मी सगळा हिशेब वाचून दाखवला, सात रुपये किलोपासून गाळ्याच्या भाड्यापर्यंत. ते चाकाचे घुंगरू फडक्याने पुसत ऐकत होते.

"ऊस इकत घेनार?"

"हो."

"जागा भाड्यानं?"

"हो."

"आन् मानूसबी पगारी." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "समदंच इकत घ्याचं, मंग धंदा कशाचा करनार?"

त्यांचा ऊस भावाच्या शेतातला. त्या वर्षी कारखान्याला जाणाऱ्या उसाची एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान भाव) टनाला २,७५० रुपये होती, म्हणजे किलोला पावणेतीन. भाऊ त्यांना थोडं वर धरून द्यायचा, आणि पैसे सीझन संपल्यावर. पोऱ्या म्हणजे पुतण्या, त्याला पगार नाही, बारावीची फी आणि जेवण. दोघं दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपायचे. जागा वीस वर्षं जुन्या भाड्याची. आणि नोव्हेंबर? पावसाळ्यात मामा चरकावर ताडपत्री टाकून पुढे शेगडी मांडायचे आणि मक्याची कणसं भाजायचे. दिवाळीनंतर पुतण्याला ठेवून गावी ज्वारीला जायचे. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे होतं, पण ते उत्तर त्यांच्या गावात होतं. ते मला भाड्याने मिळणार नव्हतं.

घरी येऊन तक्ता दुरुस्त केला. नव्वद फुल आणि एकशे बावीस हाफ, गल्ला २,५७०. ऊस घटीसकट ९४ किलो, ६५८ रुपये. बाकीचे खर्च तेच. दिवसाला उरले ६७२. सीझन साडेचार महिन्यांचा, म्हणजे १३५ दिवस, ९०,७२० रुपये. उरलेल्या साडेसात महिन्यांचं गाळ्याचं भाडं ९०,०००. वर्षाला निव्वळ नफा सातशे वीस रुपये. चरक, मोटर आणि स्टीलचा गल्ला मिळून कोटेशन पंच्याऐंशी हजारांचं होतं. ते फिटायला एकशे अठरा वर्षं लागली असती. बायकोने हा तक्ताही चष्मा लावून वाचला. यावेळी तिने काहीच विचारलं नाही. पंखा एक नंबरने वाढवला आणि म्हणाली, "आठ दिवस उन्हात राबलास, जरा झोप आता."

मेहुण्याचं अजून म्हणणं आहे की मी घाबरलो. म्हणतो, असं मोजत बसलं तर पुण्यात एकही दुकान उघडणार नाही. त्यात तथ्य आहेच. मामांच्या वडिलांनी पहिला चरक टाकला तेव्हा समोर पायरीवर कुणी वही घेऊन बसलं नव्हतं. पण त्यांच्या मागे शेत होतं, मोडलं तर परत जायला घर होतं. माझ्यामागे हिशेबाच्या चेकमधून उरलेले साडेचार लाख होते आणि मुलीची दहावी.

जूनमध्ये मला भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं, पगार आधीपेक्षा कमी. पुढच्या वर्षी मार्चअखेर टाळेबंदी लागली, नेमकी सीझनच्या तोंडावर. एप्रिलमध्ये दूध आणायला बाहेर पडलो तर मामांचं शटर बंद, चरकावर ताडपत्री. ते गावी गेले होते. माझ्या कुठल्याच तक्त्यात हा रकाना नव्हता, आणि खरं सांगायचं तर मामांच्याही नव्हता. फक्त त्यांना जायला गाव होतं. त्या दिवशी पिशवी हातात घेऊन मी बराच वेळ त्या पायरीपाशी उभा होतो. सुटलो याचं बरं वाटत होतं आणि बरं वाटतंय याचं वाईट वाटत होतं.

मामा परत आले. आता पुतण्या पिळतो, मामा गल्ल्यावर बसतात. चरक दोन झालेत. दुसरा फक्त चार ते सात चालवतात. फुल ग्लास महागला, तरी हाफ पिणारे हाफच पितात. परवा रविवारी मुलीला घेऊन गेलो होतो. ती आता नोकरीला आहे, तिनेच पैसे दिले, दोन फुलचे. आम्ही सावलीतल्या बाकड्यावर बसून पीत होतो. मामांनी गल्ल्यावरून हाक मारली, "काय साहेब, किती झालं आज?"

मी म्हणालो, "आम्ही आल्यापासून एकोणतीस. दोघं परत गेले."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी रिकामा ग्लास बादलीत ठेवला.